रजोनिवृत्ती आणि धमन्या : गोळीभोवती फिरलेला इतिहास

पाळी सुरू असलेल्या बायकांना हृदयविकाराचा झटका क्वचितच येतो, हे डॉक्टरांचं जुनं निरीक्षण. त्याला भक्कम आकडे मिळाले ते अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये. तिथे १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीत पुरुषांबरोबर स्त्रियाही होत्या. त्या काळी ही दुर्मीळच गोष्ट. २,८७३ स्त्रियांचा २४ वर्षांचा हिशेब १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पाळी चालू असताना झटका आलेली एकही स्त्री त्यात सापडली नाही.

म्हणजे रक्षण इस्ट्रोजेन, पाळी असेपर्यंत अंडाशयात भरपूर तयार होणारं हार्मोन, करतं, असा निष्कर्ष सरळ वाटत होता. गंमत अशी की, या तर्काची पहिली मोठी परीक्षा आधीच झाली होती, आणि तीही पुरुषांवर! झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन दिलं गेलं. जास्त मात्रेच्या गटात झटके वाढल्याने १९७० मध्ये तो गट बंद करावा लागला. याकडे पुढे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेत १९४२ पासून मिळत होत्या, त्या अंगातून उठणाऱ्या गरम वाफांसाठी. हळूहळू हृदय राखण्यासाठीही त्या लिहून दिल्या जाऊ लागल्या. १९८५ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला, फ्रॅमिंगहॅममध्ये उलट जास्त. वैद्यकविश्वाने पहिल्यावर विश्वास ठेवला. पण गोळ्या घेणाऱ्या बायका बहुधा मुळातच अधिक सुशिक्षित, सुस्थितीतल्या आणि तब्येतीची काळजी घेणाऱ्या होत्या. हा दोष पाहणीतून पुरता काढता येत नाही. त्यासाठी गोळी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, याचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात.

तसे गट पाडले गेले आणि डोलारा कोसळला. १९९८ मध्ये आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांच्या चाचणीत फायदा दिसला नाही, पहिल्या वर्षी तर झटके वाढले. २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांची आणखी मोठी चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. मात्र त्यांचं सरासरी वय होतं ६३. पाळी जाऊन दशक उलटलेलं, धमन्यांत चरबीचे थर आधीच बसलेले. माझ्या मते चाचणीने उत्तर चुकीचं दिलं नाही, ते उत्तर या वयातल्या बायकांपुरतं होतं. घबराट मात्र सगळ्यांत पसरली.

एवढ्या वादात धमनी स्वतः बाजूलाच राहिली होती. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून तिला सैल ठेवतं आणि इस्ट्रोजेन त्या कामाला हातभार लावतं, हे १९८० नंतर उलगडत गेलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांचा रजोनिवृत्तीच्या आधीपासून पाठपुरावा सुरू झाला. त्यात रक्तदाब वयाबरोबर सावकाश चढताना दिसला, पण एलडीएल कोलेस्टेरॉलने (धमन्यांत साठणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलने) शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात एकदम उसळी घेतली. धमन्यांचा ताठरपणाही त्याच सुमारास झपाट्याने वाढत होता.

२०१६ मध्ये ६४३ स्त्रियांच्या मानेतल्या धमन्या मोजल्या गेल्या. पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांत भिंत जाड होण्याचा वेग कमी होता. दहा वर्षं उलटून गेलेल्यांत फरक दिसला नाही. तरीही केवळ हृदयासाठी ही औषधं देऊ नयेत, असंच आजचे सल्ले सांगतात. चाळिशीआधी पाळी गेलेल्यांचं किंवा अंडाशय काढलेल्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांना अडचण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याकडे कल असतो.