मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि दिव्यांग प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रं आणि तपासणीचा दिवस

मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र काढताना आडवा येतो तो आजाराचा स्वभावच. सकाळी गोळी घेतलेली असते, रात्रीची झोप झालेली असते. माणूस आपल्या पायांनी तपासणीच्या खोलीत येतो, हात वर करून दाखवतो, नीट बोलतो. त्याच माणसाची दुपारनंतर पापणी मिटायला लागते, पोळी चावता चावता जबडा थकतो, केस विंचरायला हात वर राहत नाही. तपासणारे डॉक्टर समोर दिसतं त्यावर दिव्यांगत्वाचे टक्के लिहितात. म्हणून दुपारचा माणूस कागदावर आधी उभा करावा लागतो. अर्जाची खरी तयारी ती.

असं होतं कारण शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे हल्ला करते. स्नायू जितका वापरावा तितका थकत जातो, विश्रांतीने पुन्हा सावरतो. पायरिडोस्टिग्मिन या नेहमीच्या औषधाच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळीचा असर साधारण तीन-चार तास टिकतो, मग ताकद पुन्हा उतरते.

पात्रता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात मायस्थेनियाचं नाव नाही, आणि खिडकीवर ‘तुमचा आजार यादीत नाही’ हे उत्तर मिळतं ते यामुळेच. पण अनुसूचीतली शब्दरचना बघा: दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार, ‘जसे की’ मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स. ‘जसे की’ म्हणजे ही उदाहरणं आहेत, यादी तिथे संपत नाही. हातापायांची ताकद कमी झाली असेल तर चलनवलनाच्या दिव्यांगत्वाखाली, म्हणजे लोकोमोटर गटातही तपासणी होऊ शकते. कोणता गट धरायचा ते अर्ज भरण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

दोन चुका टाळा. मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर खूण करू नका. तो आनुवंशिक आजार आहे, हा नाही. आणि दुहेरी दिसतं किंवा पापणी पडते म्हणून अल्पदृष्टीचा गट निवडू नका. एकेका डोळ्याची नजर तपासली की ती बहुधा चांगलीच निघते आणि अर्ज फेटाळला जातो.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर तिथवर पोचणं अवघड, हे आधीच माहीत असलेलं बरं.

कागदपत्रं

आधार, रहिवासाचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि केसपेपरवर दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करा.

वैद्यकीय फाइलमध्ये अँटिबॉडीचा (हा हल्ला करणाऱ्या रक्तातल्या घटकांचा) रिपोर्ट, आरएनएस म्हणजे नसेला झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजणारी तपासणी, छातीचा सीटी स्कॅन, थायमस या छातीतल्या ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे कागद, आणि प्रत्येक अॅडमिशनचं डिस्चार्ज कार्ड हवं. व्हेंटिलेटरवर ठेवल्याची, प्लाझ्मा बदलल्याची किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिल्याची नोंद असलेलं कार्ड सगळ्यात वर लावा. अँटिबॉडी निगेटिव्ह म्हणजे आजार नाही, असं नसतं. अशा वेळी आरएनएसचा रिपोर्ट जास्त बोलतो. त्यात एकाच नसेला दर सेकंदाला तीनेक वेळा झटके देतात आणि स्नायूचा प्रतिसाद दहा टक्क्यांहून जास्त घसरला तर ती खूण मानतात.

सगळ्यात मोलाचं असतं ते न्यूरॉलॉजिस्टचं पत्र. ‘रुग्णाला अशक्तपणा आहे’ एवढ्याने भागत नाही. पत्रात क्यूएमजी चाचणीचे, म्हणजे स्नायू किती वेळ टिकतात ते मोजणाऱ्या चाचणीचे आकडे मागा. हात समोर ताठ धरून किती सेकंद राहतो? २४० सेकंद राहिला तर सामान्य धरतात. आडवं झोपून पाय उचलून धरायचा असतो १०० सेकंद. १ ते ५० मोठ्याने मोजताना कोणत्या आकड्याला आवाज नाकातून यायला लागतो? अर्धा कप पाणी पिताना ठसका लागतो का? ‘उजवा हात ७० सेकंदांत खाली आला’ हे वाक्य तपासणाऱ्या डॉक्टरांना मोजता येतं. एमजी-एडीएल हा रोजच्या कामांतल्या अडचणी मोजणारा २४ गुणांचा तक्ताही मागच्या दोन-तीन भेटींतल्या तारखांसह जोडा.

अर्ज आणि तपासणी

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी भरायचा. ऑफलाइन प्रमाणपत्र आता चालत नाही. ज्या जिल्ह्याचा रहिवासी पुरावा, त्याच जिल्ह्यातलं रुग्णालय निवडा. नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. तपासणीचे वार ठरलेले असतात, ते सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आधी विचारून घ्या.

त्या दिवशी मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच, सोबत एक माणूस, पाणी आणि पुढच्या वेळेची गोळी न्या. रांगेत बसायला जागा मागून घ्या. अशक्तपणा दिसावा म्हणून गोळी परस्पर चुकवू नका. गिळणं आणि श्वास दोन्ही धोक्यात येतात. त्याऐवजी शेवटची गोळी किती वाजता घेतली ते डॉक्टरांना सांगा आणि हात पुन्हा पुन्हा उचलायला लावून तपासण्याची विनंती करा. एकदा उचललेला हात या आजारात काहीच सांगत नाही. श्वास अपुरा पडतोय किंवा थुंकी गिळता येत नाही, तर तपासणी सोडा आणि थेट अपघात विभागात जा.

२०२४ च्या सुधारित नियमांनुसार निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. टक्के कमी वाटले किंवा नकार मिळाला तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. नुसतं ‘पुन्हा तपासा’ लिहू नका. कोणता रिपोर्ट विचारात घेतला गेला नाही ते नाव आणि तारखेसह मांडा.

४० टक्क्यांच्या कार्डावर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो.

आजार वर-खाली होत राहतो म्हणून प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचंच मिळतं. तो नकार नव्हे. मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, आणि तोवरच्या प्रत्येक ओपीडी भेटीत सेकंदांचे आकडे केसपेपरवर लिहून घेत राहा.