विष टोपात तयार झालं की आजार पोटात वाढला?

लग्नसराईत सातारा-सांगलीकडं एखाद्या गावातली बरीच माणसं एकदम दवाखान्यात आली, की पंगतीच्या जेवणावर बोट ठेवलं जातं. तिथं पहिला प्रश्न हवा तो वेळेचा: जेवल्यावर किती तासांनी त्रास सुरू झाला?

दुपारी एकला पंगत उठली आणि चारपर्यंत उलट्यांवर उलट्या, पोटात कळा, ताप मात्र फारसा नाही, तर संशय स्टॅफिलोकोकसवर. हा जंतू माणसाच्या नाकात, कातडीवर राहतो. आचाऱ्याचं बोट चिरून पिकलेलं असतं, त्याच हातानं तो गार झालेल्या बासुंदीत काजू-बदामाचे काप टाकतो आणि टोप रात्रभर बाहेरच राहतो. जंतू वाढतात, विष सोडतात. सकाळी उकळी काढली की जंतू मरतात, पण विष अर्धा तास उकळूनही टिकतं. बासुंदी ना फाटते, ना आंबूस लागते. म्हणून "कालचीच आहे, पण चांगली उकळलीय" या बोलण्यावर मी अजिबात विसंबणार नाही. पाहुण्यांना वाढण्यापेक्षा ती ओतून दिलेली बरी.

साल्मोनेला हा दुसरा जंतू मात्र जिवंतच पोटात जावा लागतो. आतड्याच्या अस्तराला चिकटून तो सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं पेशीत सोडतो. पेशीचा पृष्ठभाग उचलला जातो आणि ती स्वतःच त्याला आत ओढून घेते. मग शरीराच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आतडं सुजतं, त्यात पाणी झिरपतं. ताप, जुलाब, कळा. याला वेळ लागतो: सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत. तोवर पाहुणे पुण्या-मुंबईला पोचलेले असतात आणि पंगतीची कुणाला आठवणही येत नाही. इथं मात्र आच उपयोगी पडते; कोंबडी आतपर्यंत ७५ अंशांना शिजली की हा जंतू मरतो. घोटाळा होतो तो कच्ची कोंबडी कापलेल्या सुरीनंच कोशिंबिरीची काकडी चिरल्यावर.

पहिला त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दुसरा चार ते सात दिवस चालतो. दोन्हींत जलसंजीवनी घोट-घोट देत राहायची. शौचातून रक्त, खूप ताप, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं किंवा रोगी तान्हं बाळ वा म्हातारं माणूस असलं, तर थेट डॉक्टर गाठायचा. साल्मोनेलातून बरा झालेला माणूस पुढं कित्येक आठवडे शौचातून जंतू टाकत राहू शकतो, त्यामुळं आचारी आजारी पडला असेल तर जुलाब थांबले एवढ्यावर त्याला पुन्हा चुलीपाशी उभं करू नये.