शाश्वत पुरवठादारांचे मूल्यमापन : कार्यक्षमता प्रतिमाने

किंमत, दर्जा आणि वेळेवर पुरवठा या नेहमीच्या निकषांबरोबर उत्सर्जन, पाण्याचा वापर, कामगारांची सुरक्षितता यांचाही हिशेब धरून पुरवठादारांची तुलना करणाऱ्या गणिती पद्धती. त्यांत डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, संक्षेपाने डीईए, ही पद्धत विशेष रूढ आहे.

डीईएचा आरंभ बहुधा १९७८ मध्ये मानतात. त्या वर्षी अब्राहम चार्न्स, विल्यम कूपर आणि एडवर्डो रोड्स यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यामागे वंचित मुलांसाठीच्या अमेरिकी शालेय कार्यक्रमावरील रोड्स यांचे संशोधन होते. तथापि निरीक्षणांतूनच कार्यक्षमतेची सीमारेषा, म्हणजे सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्यांना जोडणारी व इतरांना मोजण्याचे माप ठरणारी रेषा, आखण्याची मूळ कल्पना मायकेल फॅरेल यांच्या १९५७ च्या निबंधात स्पष्टपणे आढळते, आणि फॅरेल स्वतः जेरार्ड डेब्र्यू यांच्या १९५१ च्या मांडणीचे ऋण मान्य करतात. १९७८ च्या लेखाचे श्रेय अनेक आदाने (खर्ची पडणाऱ्या गोष्टी) व अनेक प्रदाने (त्यांतून निघणाऱ्या गोष्टी) रेषीय प्रोग्रामिंगच्या, म्हणजे रेषीय मर्यादांत सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या गणिताच्या, चौकटीत बसवण्याचे आहे, असे म्हणणे अधिक रास्त होय. प्रमाणानुसार बदलत्या उत्पादनफलाची (आदाने दुप्पट केली तरी प्रदाने दुप्पट होतीलच असे नाही, याची) सोय राजीव बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी १९८४ मध्ये केली.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकाच नगासाठी पुरवठादार 'अ' १०० रुपये घेतो व ४ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो; 'ब' ८० रुपये व ६ किलो; 'क' १०० रुपये व ६ किलो. 'अ' आणि 'ब' सीमारेषेवर येतात. त्यांचे ३ : ५ या प्रमाणातील मिश्रण ८७.५ रुपयांत व ५.२५ किलोत तोच नग देते; हे दोन्ही आकडे 'क'च्या आकड्यांच्या ०.८७५ पट आहेत, म्हणून 'क'ची कार्यक्षमता ०.८७५ ठरते.

येथे उत्सर्जन हे आदान मानले आहे. गणित त्यामुळे सोपे होते, पण तेवढ्याच कोळशातून कितीही धूर निघू शकतो असे प्रतिमान गृहीत धरते, हा आक्षेप गंभीर आहे. रॉल्फ फॅरे व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वेगळा मार्ग घेतला : प्रदूषण कमी करायचे तर इष्ट उत्पादनही काही अंशी सोडावे लागते. लॉरेन्स सायफर्ड आणि जो झू यांनी २००२ मध्ये अनिष्ट प्रदानाचे (उदा. उत्सर्जनाचे) चिन्ह उलटवून त्यात मोठी स्थिर संख्या मिळवण्याचा उपाय सुचवला. तो बँकर प्रभृतींच्या १९८४ च्या प्रतिमानातच नीट चालतो. भौतिक वास्तवाशी फॅरे यांची मांडणी अधिक जुळते, मात्र व्यवहारात आदान मानण्याची सोपी वाट पुष्कळदा धरली जाते.

डीईएमध्ये भारांक, म्हणजे प्रत्येक निकषाला दिलेले महत्त्व, प्रत्येक पुरवठादाराला सर्वांत अनुकूल असे निवडले जात असल्याने मळीचे पाणी नदीत सोडणारा कारखानाही केवळ स्वस्ताईच्या बळावर पूर्ण १ गुण मिळवू शकतो. शाश्वततेच्या दृष्टीने हा दोष मूलभूत आहे. म्हणून भारांकांना किमान मर्यादा घालतात, किंवा इतरांच्या भारांकांनीही प्रत्येकाला तपासणारी परस्पर-कार्यक्षमता वापरतात. पुरवठादारांची संख्या आदाने व प्रदाने यांच्या एकूण संख्येच्या निदान तिप्पट असावी, असा ढोबळ संकेत आहे. निकष वाढले की जवळजवळ सगळेच कार्यक्षम ठरू लागतात.

सामाजिक निकष बहुधा गुणांकनानेच प्रतिमानात येतात.