लाल टोपीचा बुटका: खाणीतून बागेत, गोठ्यातून शिबिरात

चैत्र लागला, परीक्षा आटोपत आल्या, की जळगाव-धुळ्याकडे मुलांच्या उन्हाळी शिबिरांचे फलक लागायला सुरुवात होते. मातीकाम, वारली चित्रं, कागदकाम या नेहमीच्या यादीत आता एक परका पाहुणा दिसतो. लाल टोकदार टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि बटाट्यासारखं नाक. हा नोम, म्हणजे बागेत मांडायचा बुटक्याचा छोटा पुतळा. थंड देशांत बर्फ वितळून बागेत पुन्हा हात घालायचे दिवस आले, की मुलांना नोम रंगवायला बसवतात आणि ते वाफ्यात मांडतात. आपल्याकडे त्याच दिवसांत पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो आणि भुसावळकरांना बागेपेक्षा कूलरची चिंता असते. त्यामुळे आपला नोम बहुतेक वेळा बाल्कनीतल्या तुळशीशेजारी नाही तर टीव्हीच्या कपाटावर जाऊन बसतो.

शिबिरात तो दोन प्रकारे करतात. एक म्हणजे मातीची छोटी कुंडी पालथी घालून, वर आणखी एक टोपीसारखी बसवून रंगवलेला. दुसरा जुन्या मोज्यात काहीतरी जड भरून केलेला. याची टोपी डोळ्यांवरून थेट नाकापर्यंत ओढलेली, चेहरा जवळजवळ नाहीच. दिसायला दोघे सख्खे भाऊ वाटतात, पण घराणी निराळी आहेत. पहिला जर्मनीच्या खाणीतून आला, दुसरा स्वीडन-नॉर्वेच्या गोठ्यातून.

खाणवाल्याची गोष्ट जुनी आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने पृथ्वी, पाणी, वारा आणि अग्नी या चार तत्त्वांत राहणाऱ्या अदृश्य जीवांचं वर्णन केलं. त्यात मातीतून सहज आरपार चालणारे छोटे जीव म्हणजे नोम. जर्मन खाणींच्या मुलखात जमिनीखालच्या बुटक्यांच्या कथा होत्याच. खाणीत काम करणारी माणसं डोक्याला मार लागू नये म्हणून टोकदार टोपडी घालायची. तीच टोपी बुटक्यांच्या डोक्यावर चढली आणि उतरली नाही.

बागेत मात्र तो आधी राजेरजवाड्यांच्या हौसेने आला. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहराच्या मिराबेल बागेत 1690 च्या दशकात संगमरवरी बुटक्यांची रांगच उभी केली होती. त्यातले चेहरे मुद्दाम वेडेविद्रे केलेले, बघणाऱ्याने हसावं म्हणून. पुढे लोकांना ते आवडेनासे झाले आणि 1811 मध्ये त्यांचा लिलाव झाला.

इंग्लंडात त्याला नेणारा गृहस्थ म्हणजे सर चार्ल्स आयशम. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या लॅम्पोर्ट हॉलचे हे मालक शाकाहारी होते आणि अशा अदृश्य जीवांवर त्यांचा खराच विश्वास होता. 1840 च्या दशकात त्यांनी जर्मनीहून भाजक्या मातीचे एकवीस नोम आणले. घराला लागून त्यांनी दगडांचा मोठा कृत्रिम डोंगर रचला होता, त्याच्या कपारींत हे बुटके कुदळ-फावडी घेऊन खाणकाम करताना मांडले. त्यातल्या काहींना तर त्यांनी संपावर बसवलं होतं! मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सगळ्यात आवडतो. मुलींना मात्र वडिलांचा हा नाद पसंत नव्हता. 1903 मध्ये ते गेल्यावर मुलींनी हे नोम हटवले. एअर गनने त्यांच्यावर नेम धरला असंही सांगतात. कपारीत दडलेला एकच वाचला. त्याला आता 'लॅम्पी' म्हणतात आणि त्याचा विमा दहा लाख पौंडांचा आहे.

कारखान्यात तो घडू लागला तो जर्मनीतल्या थुरिंगियामध्ये. ग्रेफेनरोडा या गावात मातीची चांगली कारागिरी होती. तिथे आधी प्राण्यांची मुंडकी वगैरे बनायची. 1870 च्या दशकात ऑगस्ट हाइसनर आणि फिलिप ग्रीबेल या दोघांनी तिथे आपापले कारखाने काढले. साच्यात माती घालायची, वाळवायची, भट्टीत भाजायची आणि मग हाताने रंग द्यायचा. आपल्या गणपतीच्या कारखान्यातल्या माणसाला यातलं काही नवं वाटणार नाही. पुढे 1937 मध्ये डिस्नेच्या 'स्नो व्हाइट' सिनेमातले सात बुटके पडद्यावर आले, नंतर प्लास्टिक आलं, आणि नोम इतका स्वस्त झाला की शिष्ट बागवाले त्याच्याकडे बघून नाक मुरडू लागले. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात त्याला बंदीच होती. 2013 मध्ये प्रदर्शनाची शंभरी होती म्हणून तेवढ्यापुरती ती उठवली. नामवंतांनी नोम रंगवले, त्यांत गायक एल्टन जॉन आणि अभिनेत्री हेलन मिरेनही होत्या. त्यांचा लिलाव झाला आणि पैसा शाळांमधल्या बागकामाला गेला. म्हणजे नोम रंगवणं आणि शाळकरी मुलं यांची गाठ तिथेही पडलीच.

आता मोज्यातला. स्वीडनमध्ये याला टोम्टे म्हणतात, नॉर्वे-डेन्मार्कमध्ये निस्से. हा शेतघराचा राखणदार. रात्री गोठ्यात फिरतो, घोड्यांना चारा घालतो, कामचुकारांवर डोळा ठेवतो. बदल्यात नाताळच्या आदल्या रात्री त्याला वाडगाभर खीर ठेवायची आणि वर लोणी घालायचं. एका लोककथेत त्याला खिरीवर लोणी दिसत नाही. तो संतापतो आणि जाऊन घरची गाय मारतो. परत येऊन खीर खाताना कळतं, लोणी तळाशी होतं. मग बिचारा शेजारच्या गावातून तशीच गाय आणून दावणीला बांधतो. आज दिसतं ते त्याचं रूप बरंचसं 1881 मध्ये येनी न्यूस्ट्रॉम या स्वीडिश चित्रकर्तीने काढलेल्या चित्रांमुळे रूढ झालं. तिकडे तो अजूनही नाताळचा. अमेरिकेतल्या हस्तकलेच्या बाजाराने त्याच्या टोपीवर फुलं आणि मधमाश्या लावल्या आणि त्याला वसंतातही कामाला जुंपलं.

लोण्यावरून रुसणारा हा राखणदार खानदेशात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बांधावरचा म्हसोबा नैवेद्य चुकला तर काय करतो, हे इथल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक आहे. नातवाने शिबिरातून आणलेला नोम बघून आजीने पहिला प्रश्न "हाऊ कोन शे रे भाऊ?" असा केला आणि दुसरा "याले काय निवद लागस?" असा केला, तर तिचं काही चुकलं नाही. टोम्टेला हाच प्रश्न विचारायला हवा.

शिवाय चैत्रात मूर्ती नटवणं आपल्याला नवं नाही. याच दिवसांत घरोघरी लाकडी गौराई बसते, पोरीबाळी तिला सजवतात, गाणी म्हणतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधतात. फरक एवढाच की गौराई सजवताना ती सासुरवाशीण माहेरी आलेली असते. नोमला शिबिरात असं कुणी आलेलं मानत नाही, तो रंगवून झाला की झाला. त्यावरून कपाळाला आठ्या घालणारे भेटतात. मला तरी दोन्ही एका घरात नांदायला हरकत दिसत नाही.

करायचाच असेल तर सामान इथलंच पुरतं. दाढीला घरचा कापूस पिंजून घ्यावा, किंवा यावल-रावेरकडे केळीच्या खुंटाचा धागा काढतात तो आणावा. त्या धाग्याची दाढी किंचित पिवळसर आणि चकचकीत दिसते आणि वाऱ्याने विस्कटत नाही. मोज्यात ज्वारी भरू नये, पावसाळ्यात किडे होतात. तापीची कोरडी वाळू बरी. जर्मनीत मातीचे नोम हिवाळ्यात घरात घेतात, नाही तर मुरलेलं पाणी गोठून ते तडकतात. आपला वैरी ऊन. बाजारातला स्वस्त लाल रंग दोन उन्हाळ्यांत गुलाबी होऊन जातो. टोपीला गेरू लावावा. तो लोहाचा रंग, उन्हाने विटत नाही. फक्त फेविकॉलच्या पाण्यात कालवावा म्हणजे हाताला येत नाही. पावसात राहणार असेल तर वरून वॉर्निश हवंच. शेंदूर मात्र मुलांच्या हाती देऊ नये, त्यात शिसं असतं. तो म्हसोबाकडेच राहू द्यावा.