आई-बाबांसोबत बीजिंग : एका दिवसाचं नियोजन

सत्तरीच्या आसपासच्या आई-वडिलांना घेऊन फिरताना एका दिवसात दोनच ठिकाणं ठेवा : सकाळी स्वर्गमंदिर (टेंपल ऑफ हेवन), दुपारनंतर निषिद्ध नगरी (फॉरबिडन सिटी, म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा). मध्ये दोन तास हॉटेलवर आडवं पडणं हवंच. चीनची भिंत याच दिवशी कोंबायचा हट्ट अनेकांचा असतो. आम्ही सहल आखणारे तो मान्य करत नाही. भिंतीसाठी शहराबाहेर जावं लागतं, तिला वेगळा दिवस द्या. सोमवारही टाळा. राजवाडा त्या दिवशी बंद असतो आणि स्वर्गमंदिराची बाग उघडी असली तरी मुख्य वास्तू बंद असतात. 1 ते 7 ऑक्टोबर आणि मे महिन्याचे पहिले पाच दिवस चीनमध्ये सुट्ट्यांचे, त्या गर्दीत वयस्कर माणसांना नेऊ नये.

निषिद्ध नगरीचं तिकीट दारात मिळत नाही. सात दिवस आधी, बीजिंगच्या रात्री 8 वाजता म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी 5.30 ला नोंदणी उघडते. एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन, एरवी 40. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं, म्हणून प्रत्येकाने मूळ पासपोर्ट जवळ ठेवायचा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. नोंदणीनंतर पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर क्रमांक बदलतो आणि प्रवेश अडतो. असं काही असेल तर आम्हाला आधीच कळवा.

पैसे आणि फोन यांची तयारी घरूनच करा. फोनमध्ये अलीपे हे पैसे देण्याचं चिनी अॅप टाकून त्यात पासपोर्टची पडताळणी करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेकडून सुरू करून घ्या. ओटीपी भारतीय सिमवर येतो, तेव्हा ते सिम चालू हवं. 200 युआनपर्यंतच्या खरेदीवर अलीपे शुल्क घेत नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर 3 टक्के घेतं. हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सअॅप उघडत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतात. तरी थोडी रोकड आई-बाबांच्या खिशात वेगळी असू द्या, सोबत हॉटेलचं चिनी पत्त्याचं कार्डही.

बीजिंगची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथले सकाळचे 7 म्हणजे घरचे पहाटेचे 4.30, त्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लवकर उठवू नका. एक दिवस जाऊ द्या, मग 8 वाजता स्वर्गमंदिराच्या पूर्व दारात पोहोचा. मेट्रोची 5 नंबरची लाइन त्या दाराजवळच थांबते. वास्तूंसह एकत्रित तिकीट उन्हाळी हंगामात 34 युआन, हिवाळ्यात 28.

पूर्व दारातून आत गेल्यावर लांबलचक छतदार ओसरी लागते. इथे स्थानिक निवृत्त मंडळी पत्ते खेळतात, गातात, विणकाम करतात. बाहेर झाडांखाली ताई-ची आणि नाच चालू असतो. आपल्या ज्येष्ठांचा इथेच सर्वांत छान वेळ जातो, घाई करू नका. पुढे सुगीच्या प्रार्थनेचं गोल, निळ्या छताचं सभागृह. उंची सुमारे 38 मीटर, सांगाडा खिळ्यांशिवाय जोडलेल्या लाकडाचा. मूळ बांधकाम 1420 चं. 1889 मध्ये वीज पडून जळल्यावर ते पुन्हा उभं केलं. आत जाता येत नाही, दारातूनच पाहायचं, म्हणून गुडघे दुखत असतील तर संगमरवरी चौथरा न चढता अंगणातूनच बघा. दक्षिणेकडच्या गोल वेदीच्या तीन थरांना प्रत्येकी नऊ पायऱ्या आहेत. ती सोडली तरी चालेल.

जेवणाचं आधी ठरवा. ‘भाजी’ म्हणून आलेल्या ताटलीत बारीक मांस, ऑयस्टर सॉस किंवा डुकराची चरबी असू शकते. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची ‘ती सान श्येन’ शाकाहारींना बरी पडते, पण तिचंही विचारून घ्या. आम्ही दिलेलं चिनी भाषेतलं कार्ड वेटरला दाखवा. त्यात अंडं चालतं की नाही हेही लिहिलेलं असतं. दशम्या, मेतकूट, लोणचं जवळ असू द्या. गरम पाणी जवळपास सगळीकडे मिळतं, थर्मास न्या. टिशू पेपरही न्या, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहांत तो असेलच असं नाही आणि बरीच भारतीय पद्धतीची असतात. कमोड हवा असल्यास अपंगांसाठीची खोली शोधा. मेट्रोत आणि राजवाड्यात बॅगा तपासतात : लायटर, सुरी आणि हो, अडकित्ताही हॉटेलवर ठेवा.

निषिद्ध नगरीत प्रवेश फक्त दक्षिणेच्या वूमन (मेरिडियन गेट) दरवाजातून. उत्तरेच्या दारापर्यंत सरळ अंतर 961 मीटर, पण बाजूची दालनं धरून तीन-चार किलोमीटर सहज होतात. मोठ्या चौकांत झाड नाही, फरशी उंचसखल आहे, दारांचे उंबरठे उंच. जून ते ऑगस्टमध्ये इथलं दुपारचं ऊन सोसत नाही. त्या महिन्यांत क्रम उलटा करा आणि सकाळचं तिकीट घ्या. व्हीलचेअर आत मिळते, पण घडीची छोटी खुर्ची सोबत असलेली बरी. मुख्य सभागृहांतही दारातूनच डोकावता येतं.

बाहेर पडायला उत्तरेचं आणि पूर्वेचं अशी दोन दारं आहेत. उत्तरेकडे गाडी लगेच मिळत नाही, आणि रिक्षावाले भाडं अवाच्या सव्वा सांगतात. आई-बाबा थकले असतील तर शेवटपर्यंत न जाता पूर्वेच्या तुंगह्वामन दाराने निघा. त्याआधी स्वच्छतागृह आणि खरेदी उरकून घ्या, कारण एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत.