घड आधी, फोन नंतर

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी चालू असते तेव्हा मुकादमाला एक गोष्ट फार जपून करावी लागते: गाडीवाल्याला फोन. ओल्या बागेत ट्रक शिरत नाही. मजूर घड खांद्यावर घेऊन चिखल तुडवत बांधापर्यंत येतात. फोन मात्र क्षणात लागतो. घड वाटेत असतानाच मुकादम 'माल तयार आहे, गाडी लाव भो' म्हणाला, तर ट्रक येऊन उभा राहतो आणि बांधावर निम्मेच घड असतात. मुकादमाने घड आधी पाठवले, फोन नंतर केला. पोहोचला मात्र फोन आधी.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अगदी असंच घडतं. प्रोसेसरचा एक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे सूचना पाळणारा भाग, मेमरीत माहिती लिहितो आणि मग 'तयार' नावाच्या खुणेत 0 चा 1 करतो. दुसरा कोअर त्या खुणेवर डोळे लावून बसलेला असतो. 1 दिसला की माहिती उचलायची, एवढंच त्याचं काम. तरीही कधीतरी त्याला खूण नवी दिसते आणि माहिती जुनीच हाती येते.

मुख्य मेमरीतून काही आणायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात आणि तेवढ्यात कोअर शेकडो सूचना उरकू शकतो. म्हणून तो लिहिण्याचं काम स्वतःजवळच्या छोट्या रांगेत, स्टोअर बफरमध्ये, टाकून पुढे निघतो. माहितीची जागा त्या वेळी दुसऱ्या कोअरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्याजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, असेल तर ती मागवून घ्यावी लागते. खुणेची जागा आपल्याच कॅशमध्ये असेल तर तिथे लगेच लिहून होतं. झालं, फोन घडांच्या पुढे निघून गेला! कंपायलरही, म्हणजे आपला कोड प्रोसेसरच्या सूचनांत बदलून देणारा प्रोग्रॅमही, ओळी मागेपुढे करतो. एकट्या कोअरपुरता निकाल बदलत नसल्याने दोघांनाही तशी मुभा आहे.

इथे मेमरी बॅरिअर लागतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये माहिती लिहिणं आणि खूण बदलणं या दोन ओळींच्या मध्ये 'एसएमपी_डब्ल्यूएमबी' लिहितात: आधी लिहिलेलं आधी, नंतर लिहिलेलं नंतर. बॅरिअरने घड लवकर येत नाहीत, हे नीट लक्षात ठेवावं लागतं. तो फक्त क्रम राखतो.

आणि एकटा बॅरिअर काही कामाचा नाही. समजा गाडीवाल्याने वेळ वाचवायला बांधावर आधीच नजर टाकली, 'अर्धी गाडी' असं वहीत टिपलं आणि मग फोन घेतला. मुकादमाने कितीही शिस्त पाळली तरी वहीतला आकडा शिळाच. वाचणारा कोअरही पुढचं वाचन अंदाजाने आधीच उरकून ठेवतो. म्हणून त्याच्या बाजूला, खूण वाचणं आणि माहिती वाचणं यांच्या मध्ये, 'एसएमपी_आरएमबी' हवाच.

प्रत्येक प्रोसेसरची सवय वेगळी. सगळ्यांना सगळं एकाच क्रमाने दिसावं, ही अपेक्षा संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1979 मध्ये नेमकेपणाने मांडली, पण वेगापायी ती क्वचितच पूर्ण पाळली जाते. लॅपटॉपमधले एक्स86 प्रोसेसर बरेच शिस्तीचे. स्वतःचं लेखन रांगेत ठेवून दुसऱ्या जागेचं वाचन आधी उरकणं, एवढीच ढिलाई ते करतात. ती रोखायला 'एसएमपी_एमबी' हा पूर्ण बॅरिअर आहे. मोबाइलमधले आर्म प्रोसेसर कितीतरी मोकळे. 1992 चा अल्फा प्रोसेसर तर सर्वांत मोकळा समजला जातो.

या फरकाने मला तीन दिवस रडवलं आहे. माझा ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कर्नलमधला कोड, लॅपटॉपवर आठवडाभर बिनबोभाट चालला, आर्मच्या बोर्डवर मात्र रात्रीतून एखाद्या वेळी चुकीची माहिती उचलायचा. काय वाचलं जातंय ते बघायला मी मध्ये एक छापण्याची ओळ घातली, तर चूकच गायब! छापण्यात इतका वेळ जात होता की तोवर घड बांधावर पोहोचत होते. ओळ काढली की चूक परत हजर. शेवटी कागदावर दोन्ही कोअरच्या ओळी शेजारी शेजारी लिहून काढल्या तेव्हा दिसलं: लिहिण्याच्या बाजूला बॅरिअर होता, वाचण्याच्या बाजूला मी तो घातलाच नव्हता.

कर्नलचा कोड तपासणारी चेकपॅच नावाची स्क्रिप्ट आहे. बॅरिअरजवळ टिप्पणी दिसली नाही तर ती टोकते. पूर्वी मला ती कटकट वाटायची. आता मी प्रत्येक बॅरिअरच्या डोक्यावर त्याचा जोडीदार कोणत्या फंक्शनमध्ये बसला आहे ते आधी लिहितो, मग बॅरिअर.