कॉल्पोस्कोपी : पांढरा डाग, पण कुठला?

कॉल्पोस्कोपीत, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख तपासताना, त्यावर 3 ते 5 टक्क्यांच्या ॲसिटिक ॲसिडचा बोळा धरला, मिनिटभराने पांढरा डाग उमटला, की शिकाऊ डॉक्टर हमखास म्हणतो, ‘सापडलं!’ पुष्कळदा सापडलेलं असतं ते नुसतं मेटाप्लेझिया.

मेटाप्लेझिया म्हणजे नाजूक स्तंभाकार पेशींची जागा चपट्या पेशींनी घेणं. हा आजार नव्हे. वयात येताना आणि गरोदरपणात तर हे जोरात चालतं. खरा शोध असतो तो सीआयएनचा. सीआयएन म्हणजे एचपीव्ही या विषाणूमुळे बिघडलेल्या पेशी, ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो. त्यातही सीआयएन 1 (सौम्य) बऱ्याचदा आपोआप जातो. सीआयएन 3 (गंभीर) मात्र सोडून चालत नाही. मेटाप्लेझिया आणि सीआयएन, दोन्हीकडे पेशींची केंद्रकं दाटीवाटीने बसलेली असतात. ॲसिडने तिथली प्रथिनं तात्पुरती गोठतात, प्रकाश परत फिरतो आणि जागा पांढरी दिसते. ॲसिडला गर्दी कळते, गर्दीचं कारण नाही.

म्हणून डाग दिसला की लगेच तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढायला चिमटा मागू नये. आधी कडा पाहावी. मेटाप्लेझियाचा पांढरेपणा पातळ, खालचा गुलाबी रंग जाणवू देणारा. कडेला आजूबाजूच्या भागात विरघळून जातो आणि लवकर ओसरतो. गंभीर सीआयएन दाट, खडूसारखा पांढरा. झटकन येतो, बराच वेळ टिकतो, कड कापल्यासारखी स्पष्ट. आत जाड ठिपके किंवा फरशीच्या तुकड्यांसारखी नक्षी दिसली तर संशय पक्का. सीआयएन 1 या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतो, आणि तिथे अनुभवी डोळेही चुकतात.

आयोडीनने थोडी मदत होते: सीआयएन मोहरीसारखा पिवळा राहतो, मेटाप्लेझिया अर्धवट तपकिरी होतं. (पाळी गेलेल्या बाईत निरोगी त्वचाही पिवळट राहते, तिथे या रंगावर विसंबू नये.) स्वीड स्कोअर या गुणपद्धतीत पांढरेपणा, कड, रक्तवाहिन्या, आकार आणि आयोडीन या पाचांना 0 ते 2 गुण देतात. नवख्याला याचा खरा फायदा हा, की नजर एकट्या पांढरेपणावर अडकत नाही.

मेटाप्लेझियाला सीआयएन समजलं तर एक बायोप्सी फुकट जाते. उलटं झालं तर आजार आतच राहतो. आणि यात हुद्द्याचा भाग वाटतो तेवढा नाही. अमेरिकेतल्या एएलटीएस या वैद्यकीय अभ्यासाच्या माहितीचं 2006 मधलं विश्लेषण पाहा: नर्स, स्त्रीरोगतज्ज्ञ, कर्करोग विभागातले प्रशिक्षणार्थी आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्यात आजार पकडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. फरक पडला तो एका तुकड्याऐवजी दोन किंवा जास्त तुकडे घेतल्याने.